आमच्या घरातले पाच जण आणि मेट्रो: कोण बसतं, कोण बसत नाही, आणि का?

रानजाई | रविवार, रात्री ९:४०

आम्ही कोथरूडला राहतो. घरापासून मेट्रो स्टेशन चालत नऊ मिनिटांवर. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज एवढाच तुकडा सुरू झाला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्ही हौसेने बसून आलो होतो. पुढे १ ऑगस्ट २०२३ ला गाडी रुबी हॉलपर्यंत गेली, ६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत, आणि २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटचा भुयारी टप्पा उघडला. आता घराजवळून पुणे स्टेशन, कल्याणीनगर, मंडई, पिंपरी, कुठेही जाता येतं. तरी आमच्या एका उंबरठ्यातले पाच जण पाच तऱ्हांनी वागतात. वर्तमानपत्रात रोजच्या प्रवाशांचा आकडा येतो तेव्हा मला वाटतं, हा आकडा आमच्या घरात कसा तयार होतो ते आधी बघावं. म्हणून हा धागा.

मी. ऑफिस कल्याणीनगरला, रोज मेट्रो. आधी स्कूटरने जायचे. वेळ वाचतो का? फारसा नाही. चालणं, गाडीची वाट, प्रवास, पलीकडचं चालणं धरून पंचावन्न मिनिटं, स्कूटरने पन्नास. पैसे वाचतात का? वनाज ते रामवाडी तिकीट ३० रुपये, कार्डावर १० टक्के सवलत. स्कूटरचं पेट्रोलही साधारण तेवढंच. मग का जाते? संध्याकाळी सातला गाडी नदीवर येते तेव्हा मी खिडकीला डोकं टेकून बसलेली असते. तीच वेळ स्कूटरवर काढली की घरी आल्यावर तासभर माझ्याशी कुणी बोलू नये असं वाटायचं. हा फायदा तिकिटावर छापलेला नसतो, पण मी त्याच्यासाठीच जाते.

नवरा. नोकरी चाकणला, कंपनीची बस सकाळी सहा वीसला कोपऱ्यावर येते. आठवडाभर त्याला मेट्रोचं काही देणंघेणं नाही. रविवारी लक्ष्मी रोडला जायचं ठरलं की मात्र तोच आधी म्हणतो, मेट्रोने जाऊ. शनिवार-रविवारची ३० टक्के सवलत त्याच्या लक्षातही नसते. त्याला गाडी कुठे लावायची ही चिंता नको असते.

मुलगा, वय १९. कॉलेज शिवाजीनगरच्या बाजूला. सोमवार ते शुक्रवार विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत, कार्डही काढून दिलंय. तरी मित्राच्या मागे बसून जातो. मी कारण विचारलं तर म्हणाला, "मेट्रो मला कॉलेजला सोडेल गं, पण चारला क्लास, सहाला ग्राउंड, आठला कुणाच्या तरी घरी, तिथे कोण नेणार?"

आई, म्हणजे सासूबाई, वय ७२. तेव्हाच्या त्या हौसेच्या फेरीनंतर एकदाही नाही. म्हणतात, गुडघे.

आणि स्वयंपाकाच्या मावशी. सुतारदऱ्याहून येतात, चार घरं करतात, चारही पौड रस्त्याच्या आजूबाजूला. किमान तिकीट १० रुपये. रोज दोन फेऱ्या धरल्या तर महिन्याचे पाचशे. त्यांच्या धाकट्याच्या शिकवणीची ती अर्धी फी आहे. त्या चालतात. डोक्यावरून गाडी जाते आणि खालून मावशी.

तुमच्या घरात काय आहे? मुंबई, नागपूर, दिल्ली, कुठलंही चालेल. फक्त "लोकांना सवय नाही" एवढं एकच कारण नको. सवय लागते कशाने आणि मोडते कशाने, ते सांगा.

पौडकर | रविवार, रात्री १०:१५

चांगला विषय. आमचं सरळ गणित आहे. आम्ही नवरा-बायको एकाच दिशेला जातो. मेट्रोने गेलो तर तिकिटं दोन, स्कूटरने गेलो तर पेट्रोल एकच. शिवाय स्टेशनापर्यंत रिक्षा केली की गणित तिथेच संपलं. पुण्यात मेट्रोची स्पर्धा बसशी नाही, दुचाकीशी आहे. आणि दुचाकी दारातून निघते आणि दारात थांबते.

बदलापूरकर | रविवार, रात्री ११:०५

रानजाई, मावशींचं वाचून गलबललं. मी बदलापूरहून सीएसएमटीला जाते, एकवीस वर्षं झाली. आमच्याकडे "का बसता?" असा प्रश्नच कुणी विचारत नाही, कारण दुसरा रस्ताच नाही. पण "कोणत्या गाडीला, कोणत्या डब्यात, किती वाजता?" हे मात्र प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि त्यामागे तुम्ही लिहिलंय तसंच काहीतरी असतं.

आधी सीट. सव्वा-दीड तासाचा प्रवास उभ्याने करायचा की बसून, यावर बाईचा सगळा दिवस ठरतो. कर्जतहून येणारी गाडी आमच्याकडे येईपर्यंत भरलेली असते. म्हणून बदलापूरहून सुटणारी गाडी हवी. अंबरनाथच्या कितीतरी जणी सकाळी उलट्या बदलापूरला येतात, त्याच गाडीत बसून राहतात आणि परत अंबरनाथवरून पुढे जातात. वीस-पंचवीस मिनिटं जास्त घालवायची, पण सीट मिळवायची. वेळ वाचला की माणूस खूश, हे आमच्या डब्यात खरं नाही.

ज्यांना सीट मिळत नाही त्या डब्यात शिरताच एकच शब्द विचारतात, "कुठे?" बसलेली म्हणते, "घाटकोपर." "मग मला." एवढ्यावर व्यवहार पक्का. मध्येच कुणी पुढे झाली तर बसलेली स्वतःच सांगते, "त्यांना दिलीय." घाटकोपरला ती उठते, उभी असलेली बसते, आणि लगेच तिलाही कुणीतरी विचारतं, "कुठे?" एकवीस वर्षांत हा शब्द मोडलेला मी फार कमी वेळा पाहिला.

दुसरं म्हणजे पास. पास काढला की महिन्यातला पुढचा प्रत्येक प्रवास मनाने फुकटच होतो. दादरला उतरून फुलं घ्यावीत, भांडुपला बहिणीकडे डोकावून यावं, वेगळं तिकीट काढावं लागत नाही. तुमच्या मावशींना दर फेरीला दहा रुपये खिशातून काढावे लागतात म्हणून त्या दर फेरीला विचार करतात. दर वेळी विचार करावा लागला की माणूस चालतो.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि ती मला लॉकडाऊनने शिकवली. १५ जून २०२० ला लोकल अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली. २१ ऑक्टोबरपासून सगळ्या बायकांना मुभा मिळाली, पण सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. दहाच्या ऑफिसला पोचणारी बाई अकराच्या गाडीत बसून काय करणार? गाडी होती, डबा होता, परवानगी होती. आमच्या ग्रुपमधल्या तिघींच्या नोकऱ्या त्या महिन्यांत गेल्या. गाडी आपल्या वेळेला नसेल तर ती आपल्यासाठी नसतेच.

रानजाई | रविवार, रात्री ११:२०

ताई, "दर वेळी विचार करावा लागला की माणूस चालतो" हे मी वहीत लिहून घेतलं. एसी लोकलचं काय? तिथे कोण गेलं?

बदलापूरकर | रविवार, रात्री ११:५०

एसी लोकल पहिल्यांदा धावली २५ डिसेंबर २०१७ ला, पश्चिम रेल्वेवर. सुरुवातीला ती बऱ्यापैकी रिकामी जायची, कारण पाच किलोमीटरलाही साठ-पासष्ट रुपये. ५ मे २०२२ ला एकेरी तिकीट निम्मं झालं, ६५ चे ३० झाले, आणि गर्दी झाली. फर्स्ट क्लासवाले गेले, ओला-उबरवाले गेले, गरोदर मुली गेल्या. माझ्या शेजारची मुलगी सातव्या महिन्यापासून एसीनेच जायची, दरवाजे बंद होतात एवढ्यासाठी.

पण दुसरी बाजूही सांगते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने आणखी दहा एसी फेऱ्या वाढवल्या, त्या साध्या गाड्यांच्या जागी. ज्यांची रोजची गाडी गेली ते मागच्या गाडीत कोंबले गेले. कळवा आणि बदलापूरला लोक चिडून उतरले आणि २५ ऑगस्टपासून त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्यात एसीचा राग नव्हता. ज्याला परवडतं त्याच्यासाठी ज्याला परवडत नाही त्याची गाडी काढून घेतली, हे लोकांना सहन झालं नाही. नवी सोय जुन्या सोयीच्या शेजारी आली असती तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या.

यमुनापार | सोमवार, सकाळी ८:१०

मी मूळचा साताऱ्याचा, वीस वर्षं दिल्लीत मयूर विहारला. तिकिटाच्या बाबतीत आम्ही एक मोठा धडा पाहिला. २०१७ मध्ये दिल्ली मेट्रोचं भाडं दोनदा वाढलं, १० मे ला आणि १० ऑक्टोबरला. कमाल भाडं ३० वरून आधी ५० आणि मग ६० झालं. सप्टेंबरात रोजचे सरासरी २७.४ लाख प्रवासी होते, ते ऑक्टोबरात २४.२ लाखांवर आले.

आता हे तीन लाख कोण? आमच्या मजल्यावरच्या साहेब लोकांपैकी एकही जण कमी झाला नाही. त्यांना भाडं वाढल्याचं कळलं ते बातमीतून. कमी झाले ते आमचे शिपाई, चहाचा मुलगा आणि तळमजल्यावर कपडे शिवणारी दोन पोरं. रोजचे जाऊन-येऊन वीस-तीस रुपये वाढले की त्यांच्या महिन्यात मोठं भगदाड पडतं. त्यातला एक जण मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून यायला लागला, एक जण बसने. डब्यात तेव्हा जी थोडी मोकळी जागा झाली, ती कुणाची होती हे मला नावानिशी माहीत होतं.

मग २९ ऑक्टोबर २०१९ पासून दिल्लीत बायकांना बस फुकट झाली, गुलाबी तिकिटावर. आमच्या ऑफिसात साफसफाई करणाऱ्या दीदी मेट्रो सोडून बसला गेल्या. जायला चाळीस मिनिटं जास्त लागतात. मी विचारलं तर म्हणाल्या, वेळ माझाच आहे, पैसे मात्र कुणीतरी द्यावे लागतात.

सवलत द्यायची असेल तर ती कुणाच्या हातात पोचते हे बघायला हवं. गर्दी नसलेल्या वेळी स्मार्ट कार्डावर दिल्लीत जादा सवलत मिळते, पण दीदींकडे त्या वेळी स्मार्ट कार्डच नव्हतं. दोनशे रुपये एकदम अडकवून ठेवणं त्यांना जमत नव्हतं.

पौडकर | सोमवार, सकाळी ९:०२

बंगळुरूचंही तेच. ९ फेब्रुवारी २०२५ ला कमाल भाडं ६० वरून ९० झालं आणि लगेच गर्दी घटल्याच्या बातम्या आल्या. माझा भाऊ तिथेच आहे, तो पुन्हा बाइकवर आला.

चाकावरून | सोमवार, दुपारी १:३०

मी पिंपरीत राहतो, चौदा वर्षं व्हीलचेअरवर आहे. पीसीएमसी ते फुगेवाडी टप्पा सुरू झाला तेव्हा मी अपघातानंतर पहिल्यांदा एकटा प्रवास केला. एकटा. हे मुद्दाम दोनदा लिहितो. बसला पायऱ्या. रिक्षात कुणीतरी उचलून बसवायचं आणि खुर्ची घडी करून मागे कोंबायची. मेट्रोत फलाट आणि डबा एका पातळीवर असतात. मी ढकललं आणि आत गेलो. समोरच्या बाकावरच्या आजींनी पाय जवळ घेतले, बस्स, एवढंच झालं. कुणाचे आभार मानावे लागले नाहीत.

मग मी रोज का जात नाही? माझं काम शिवाजीनगरच्या बाजूला असतं. स्टेशनाबाहेर फुटपाथवर दुचाक्या चढू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेत. माझी खुर्ची ६५ सेंटीमीटर रुंद आहे. एकदा भाच्याला टेप घेऊन पाठवलं. दोन खांबांतलं अंतर निघालं ६१. त्या चार सेंटीमीटरांमुळे मला रस्त्यावर उतरून, येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावरून साठ-सत्तर मीटर जावं लागतं. पावसाळ्यात मी तो धोका घेत नाही. म्हणजे पंधरा किलोमीटरांची सगळी सोय झाली आणि सत्तर मीटरांनी मला घरी बसवलं.

एक निरीक्षण. बहिणीची वाट बघत मी एकदा लिफ्टजवळ वीस मिनिटं थांबलो होतो. तेवढ्या वेळात एकतीस जण लिफ्टने गेले. चाकांवरचा मी एकटा. बाकी बाबागाडी ढकलणारी आई, बॅगा घेतलेले विद्यार्थी, कमरेला पट्टा बांधलेले काका, भाजीच्या पिशव्या. आमच्यासाठी म्हणून केलेली सोय सगळ्यात जास्त वापरतं दुसरंच कुणीतरी, आणि याचा मला खरंच आनंद होतो.

रानजाई | सोमवार, दुपारी २:१०

चाकावरून, तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं. मी रोज तसल्याच खांबांमधून जाते आणि मला ते कधी दिसलेच नव्हते.

वऱ्हाडी | सोमवार, संध्याकाळी ६:४५

नागपुरातून थोडंसं. आमच्याकडे ८ मार्च २०१९ ला सुरू झाली आणि ११ डिसेंबर २०२२ ला चारही दिशा पूर्ण झाल्या, सीताबर्डीला अदलाबदल. आमच्याकडे एक गोष्ट तिकिटापेक्षा मोठी आहे, ती म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की जो माणूस एरवी स्कूटर सोडत नाही तो डोक्याला दुपट्टा बांधून स्टेशन गाठतो. पण स्टेशन गाठायला पंधरा मिनिटं उन्हात चालायचं असेल तर तोही येत नाही. म्हणजे तेच ऊन माणूस आणतं आणि तेच अडवतं. मध्ये किती सावली आहे यावर सगळं. हिंगणा रोडला कॉलेजांची पोरं भरपूर, त्यांना २०२३ पासून ३० टक्के सवलत आहे आणि ती वापरतात, कारण तिकडे शहरातून दुचाकीने जायचं म्हणजे उन्हात जीव जातो. डब्यात सायकल नेता येते हेही आमच्या पोरांना आवडतं.

जुना_आराखडा | सोमवार, रात्री ९:३०

वाहतूक नियोजनात तीस वर्षं काढून आता निवृत्त आहे. धागा वाचताना वाटलं, आम्ही लाखोंचे फॉर्म भरून घेतले त्यात जे निसटलं ते इथे आहे.

दोन गोष्टी सांगतो. २०१४ साली मुंबईत चार महिन्यांच्या अंतराने दोन सेवा सुरू झाल्या. फेब्रुवारीत मोनोरेल, वडाळा ते चेंबूर. ८ जूनला मेट्रो, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर. मेट्रो जेमतेम साडेअकरा किलोमीटर, बारा स्टेशनं, आणि आज दिवसाला चार लाखांवर लोक नेते. मोनो पुढे मार्च २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत वाढून वीसेक किलोमीटरची झाली, तरी दिवसाला वीस हजारांच्या आसपासच घुटमळली. दोन्ही नव्या, दोन्ही वातानुकूलित, दोन्ही रस्त्याच्या वरून. मग फरक काय? मेट्रोने पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या दोन तुडुंब स्टेशनांना बांधलं. अंधेरी ते घाटकोपर हा प्रवास लोक आधीच हाल काढत करत होते. मोनो निघाली मिठागरं, तेलकंपन्यांची हद्द, डेपो यांच्या कडेने. गाड्या कमी, म्हणून पंधरा-वीस मिनिटं वाट बघायची. आमच्या शास्त्रात एक बऱ्यापैकी पक्की गोष्ट आहे: फलाटावरचं एक मिनिट माणसाला गाडीतल्या दोन मिनिटांएवढं वाटतं. वीस मिनिटं वाट म्हणजे मनात चाळीस. तेवढ्यात तो टॅक्सी करून पोचतो.

दुसरी गोष्ट भाड्याची. भाडं १० टक्के वाढलं की प्रवासी साधारण ३ टक्के घटतात, असा ठोकताळा अमेरिकेतल्या बससेवांच्या अनुभवावरून १९६० च्या दशकात निघाला आणि जगभर वापरला गेला. आम्हीही वापरला. पण ती सरासरी आहे. यमुनापारांच्या साहेबांमधून शून्य जातात आणि शिपायांमधून निम्मे जातात, त्यांची मिळून सरासरी तीन निघते. कागदावर "तीन टक्के" वाचताना आम्हाला कुणाचाच चेहरा दिसत नसे.

आणि एक चूक कबूल करतो. आम्ही प्रवाशांचे दोन गट करायचो: पर्याय असलेले आणि पर्याय नसलेले. दुसरा गट येणारच असं गृहीत धरायचो आणि सगळी धडपड पहिल्यासाठी. रानजाईंच्या मावशी कागदावर "पर्याय नसलेल्या" आहेत. पण त्यांच्याकडे दोन पर्याय आहेत: पाय, आणि लांबचं काम न घेणं. मावशींना कल्याणीनगरला जास्त पगाराचं घर मिळालं असतं आणि जाण्यायेण्याच्या साठ रुपयांपायी त्यांनी ते घेतलं नसेल, तर तो न झालेला प्रवास आमच्या कुठल्याच मोजणीत येत नाही.

पौडकर | सोमवार, रात्री १०:०५

काका, एक शंका. लोक यायलाच तयार नाहीत असं म्हणावं, तर गणपतीत काय झालं? २०२५ च्या विसर्जनाला मेट्रो सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी रात्री ११ पर्यंत सलग ४१ तास धावली आणि एका दिवसात साडेपाच लाखांवर लोक गेले. इतर दिवशी याच्या निम्मेही नसतात. गाडी तीच, स्टेशनं तीच.

जुना_आराखडा | सोमवार, रात्री १०:४०

गाडी तीच, पण त्या दिवशी बाकी सगळं बदललं ना. रस्ते बंद, म्हणजे दुचाकी बाद. गाडी लावायला जागा नाही. मंडई आणि कसबा पेठ स्टेशनातून वर आलं की मानाचे गणपती चालत अंतरावर. रात्री दोनलाही परत यायला गाडी आहे ही खात्री. सोबत सगळं घर, आणि स्टेशनाबाहेर रस्त्यावर माणसंच माणसं, म्हणजे एकट्या मुलीलाही भीती नाही. तुम्ही वर सगळ्यांनी जी जी अडचण लिहिलीत, ती जवळजवळ प्रत्येक त्या एका दिवसापुरती दूर झाली. म्हणून मी तो आकडा अपवाद म्हणून सोडून देत नाही. वाट मोकळी केली तर किती माणसं यायला तयार आहेत, ते तो सांगतो.

बदलापूरकर | सोमवार, रात्री ११:१५

रात्रीच्या खात्रीवर एक. माझी मुलगी ऐरोलीला काम करते. सकाळी लोकलने जाते, रात्री दहाला कंपनीची कॅब. लोकल रात्री असते, डबाही असतो. पण रात्री लेडीज डब्यात चारच बायका उरल्या की तिला तो डबा गर्दीच्या डब्यापेक्षा भीतीदायक वाटतो. सकाळच्या प्रवासात तिला गर्दी नको असते, रात्रीच्या प्रवासात हवी असते. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा अख्खी गाडी बायकांची झाली, त्याचं कौतुक आहेच. पण रात्री डब्यात शिपाई दिसला तर माझ्यासारख्या आईला झोप लागते.

यमुनापार | मंगळवार, सकाळी ७:५५

अगदी खरं. दिल्लीत २ ऑक्टोबर २०१० पासून पहिला डबा बायकांचा आहे. बायको म्हणते, डब्यात मी निवांत असते, भीती स्टेशनाच्या गेटपासून सोसायटीच्या गेटपर्यंत असते. हिवाळ्यात साडेसहालाच अंधार. त्या आठशे मीटरांवर दिवे लागले त्या वर्षी तिने रिक्षा सोडली.

जुना_आराखडा | मंगळवार, सकाळी १०:२०

रानजाई, एक विनंती. सासूबाईंनी "गुडघे" सांगितलं, ते तिथेच सोडू नका. फॉर्म भरताना लोक पहिलं सांगतात ते बहुधा सभ्य कारण असतं. एकदा त्यांच्याबरोबर स्टेशनावर जा आणि त्या कुठे थांबतात ते नुसतं बघा.

रानजाई | शनिवार, रात्री ८:३०

काका, गेले होते. आज सकाळीच. आधी आई नको म्हणाल्या, मग मंडईत कोवळी पापडी आली असेल म्हटल्यावर तयार झाल्या.

नऊ मिनिटांचं अंतर आम्ही अठरा मिनिटांत चाललो. गुडघे दुखतातच, पण त्या कुरकुरल्या नाहीत. थांबल्या त्या सरकत्या जिन्याशी. पहिली पायरी निघाली, दुसरी निघाली, तिसरी निघाली, त्या पट्टा धरून नुसत्या बघत राहिल्या. मागे माणसं जमली. एका मुलाने "आजी, चला ना" म्हटलं आणि आईंनी हात काढून घेतला. कुजबुजत मला म्हणाल्या, "सगळ्यांना उशीर होतोय माझ्यामुळे." तेव्हा मला कळलं. पहिल्या फेरीच्या वेळी असंच झालं होतं आणि माझ्या मुलाने हसत त्यांना दंडाला धरून चढवलं होतं. आम्ही ते विसरून गेलो होतो, त्या विसरल्या नव्हत्या.

लिफ्ट तीस पावलांवर होती, खांबाच्या मागे. तीन वर्षं मी त्या स्टेशनातून जाते आणि लिफ्ट कुठे आहे हे आज मी पाटी शोधून पाहिलं. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची म्हणजे रस्त्याच्या वरून थेट जमिनीखाली तेहतीस मीटर जायचं. तिथेही लिफ्टने गेलो. लिफ्टमध्ये आणखी दोन आज्या भेटल्या, एकमेकींच्या मैत्रिणी, एरवी दर मंगळवारी मंडईला येणाऱ्या. खाली पोचेपर्यंत तिघींनी कोथरूडमधल्या आपापल्या सोसायट्या, सुना आणि गुडघे सांगून घेतले. त्यांच्यातली एक आमच्या मागच्याच गल्लीतली निघाली.

आईंनी परस्पर ठरवलंय, मंगळवारी दहाला त्यांच्याबरोबर जायचं. मी येऊ का विचारलं तर म्हणाल्या, तुझं ऑफिस असतं.

मुलाला दाखवलं हे सगळं. त्याने काही उत्तर दिलं नाही, पण आईंच्या फोनमध्ये तिकीट कसं काढायचं ते शिकवत बसलाय आत्ता. त्या म्हणतात, खिडकीवरच काढीन, सुटे पैसे आहेत माझ्याकडे.

मावशींनाही विचारलं, काकांनी लिहिलं तसं, लांबचं काम कधी सोडलं होतं का. म्हणाल्या, हो, एरंडवण्यात एक घर होतं, दोन हजार जास्त देत होते. जाऊन-येऊन चालणं झेपेना म्हणून सोडलं. मी किती वर्षांपूर्वी विचारलं तर म्हणाल्या, दिवाळीत.

आणि आज येताना आम्ही रिक्षाने आलो. पापडी दोन किलो, आवळे एक किलो, नारळ चार. आई म्हणाल्या, जाताना हात रिकामे असतात, तेव्हा मेट्रो.